कंसातला कॅप्टन

३ मार्च

ताई,

लांबूनच वाकून नमस्कार. आधी बस, हातातली कात्री खाली ठेव आणि मग वाच.

यादी लागली. चौदा कमांडर कॅप्टनपदासाठी निवडले, त्यात तुझ्या ठोंब्याचं नाव अकरावं. सकाळी साडेदहाला संदेश आला. माझ्या दुय्यम अधिकाऱ्याने तो कागद देवाचा प्रसाद द्यावा तसा दोन्ही हातांनी दिला. मी तीनदा वाचला, मग दार लावून घेतलं आणि नुसता बसून राहिलो. तुझ्या शिवणयंत्राशेजारी पाढे म्हणत बसायचो ते आठवलं. बाराचा चुकला की तू पाय न थांबवता टपली मारायचीस.

आता नीट ऐक, कारण तू घाई करणार हे मला माहीत आहे. मी अजून कॅप्टन झालेलो नाही. वरच्या जागा रिकाम्या होतील तसे आम्ही एकेक जण क्रमाने चढणार. अकरावा म्हणजे सहा-आठ महिने कुठे गेले नाहीत. तोवर कागदोपत्री मी कमांडरच, फक्त पदापुढे कंसात 'निवड' असं लिहितात. हुकूम वाचून दाखवत नाहीत आणि चौथी फीत बाहीवर चढत नाही, तोपर्यंत एका सहीने हे नाव खोडता येतं.

बोलण्यातली गंमत तर विचारू नकोस. जहाज ज्याच्या ताब्यात, त्याला जहाजावर कॅप्टनच म्हणतात, मग बाहीवर फिती कितीही असोत. म्हणून माझ्या जहाजावर मी गेलं वर्षभर कॅप्टन, आणि धक्क्यावर पाय ठेवला की कमांडर. त्यात आता या यादीची भर. मेसमध्ये धाकटे लोक 'कॅप्टन, कॅप्टन' करून लोणी लावतात. मोठे लोक पदच टाळतात आणि 'काय हो' म्हणतात. ज्यांचं नाव आलं नाही ते 'कमांडर' हा शब्द असा दाबून म्हणतात की बाहीवरची एखादी फीत कमी झाली की काय असं वाटतं. मी सगळ्यांनाच ओ देतो. पण कागदावर चूक चालत नाही, तेव्हा कृपा करून पाकिटावर कॅप्टन लिहू नकोस.

वीस तारखेला तळाचे ॲडमिरल, म्हणजे आमचे मोठे साहेब, जहाज तपासायला येणार आहेत. यादीतल्या माणसाचं जहाज, म्हणजे भिंग घेऊनच बघणार. सध्या रंग, पितळ, परत रंग एवढंच चालू आहे. डेकवरच्या माणसांचा मुकादम असतो, त्याला आम्ही सारंग म्हणतो. आमचा सारंग म्हणजे बावीस वर्षं समुद्रावर काढलेला खडूस माणूस. रोज दारात येऊन उभा. म्हणतो, जहाज धक्क्याला बांधायचे मागचे दोर आतून कुजलेत, बदला. डागडुजीच्या वहीतही लिहून ठेवलंय त्याने. मी म्हटलं, बाबा रे, तपासणी होऊ दे. जुने दोर काढायचे, नवे चढवायचे, म्हणजे दोन दिवस डेकचा उकिरडा आणि ताजा रंग गेला. दोर काय, महिनाभराने बदलू. पुटपुटत गेला. तुझ्या आणि त्याच्या पुटपुटण्यात काही फरक नाही बघ.

तुझा,
ठोंब्या


९ मार्च

ठोंब्या,

कात्री खाली ठेवली नव्हती. एका लेफ्टनंटची पँट कमरेत इंचभर जास्त गेली. सांभाळून घेईन, त्यालाही जेवण कमी करायला निमित्त मिळेल.

रडले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती त्यांच्यासमोर रडले, मला लाज वाटली नाही. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भावांच्या बाह्यांवर सोनेरी फिती शिवते आहे. फीत सरळ बसली की माणूस आरशात स्वतःकडे बघतो आणि माझ्याकडे पाठ करून निघून जातो. आता माझ्या घरचा माणूस असाच आरशात बघेल आणि मी त्याला म्हणेन, वळ जरा, मागून बघू दे.

तुझं ते कंसाचं प्रकरण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. निवडलंय तर निवडलंय. जहाजावर कॅप्टन, जमिनीवर कमांडर, कागदावर आणखी तिसराच. एवढ्या मोठ्या आरमाराला एक काय ते ठरवता येत नाही? बरं, मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या दोन गिऱ्हाइकांना सांगावं लागलं, कारण रडणं त्यांनी पाहिलं. आणि समोरच्या घड्याळवाल्याला, कारण तो विचारत होता. त्याच्या बायकोला त्याने सांगितलं, त्याला मी काय करू.

कोट कापायला घेतलाय. छाती कळव आणि पोट आत ओढून मोजू नकोस, मागच्या वेळी तेच केलंस आणि बटणं माझ्या नावाने ओरडत होती. कापड उत्तम आहे, चार वर्षं कपाटात तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. का ठेवलं होतं ते विचारू नकोस.

दोरांचं मला कळत नाही. पण जो माणूस पुटपुटतो तो कामाचा असतो, एवढं मला कळतं.

ताई


२४ मार्च

ताई,

तपासणी वीसला झाली. मोठे साहेब खूश होऊन गेले. पण ते सांगायला पत्र लिहीत नाही.

परवा सकाळी जहाज एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर नेत होतो. मागचा दोर तुटला. ताणलेला जाड दोर तुटला की त्याचं टोक उलटं येतं, इतक्या वेगाने की डोळ्याला दिसतही नाही. तिथे आमचा एक खलाशी उभा होता. सगळे त्याला दाढी म्हणतात. पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. दोर उजव्या पायावर बसला. गुडघ्याखाली पाय राहिला नाही. मी वर सुकाणूघरात होतो. आधी दोराचा आवाज ऐकला, मग त्याचा.

वाचलाय. तळाच्या इस्पितळात आहे.

चौकशी बसणार. दोर सांभाळायचे आणि माणसं कुठे उभी करायची, ही दोन्ही कामं सारंगाची. तो म्हणतो, उभं राहायला दुसरी जागाच नव्हती. जे काय ते चौकशीत निघेल. तू काळजी करू नकोस.

आणि एक. तुझं पार्सल त्याच दिवशी आलं. फाटकावर प्रत्येक पार्सल उघडून बघतात. वर तुझ्या टपोऱ्या अक्षरात 'कॅप्टन' लिहिलेलं. फाटकावरचा माणूस उघडलेला कोट तसाच दोन हातांवर धरून जहाजावर आला. दाढीला नुकतंच खाली उतरवलं होतं. दोघं जण डेक धूत होते, पाणी अजून लाल होतं. हा मधोमध उभा राहून म्हणतो, कॅप्टनसाहेबांचा नवा कोट आलाय. चार फिती चमकत होत्या. सगळ्यांनी पाहिल्या, सारंगानेही पाहिल्या. 

संध्याकाळी कानावर आलं की खालच्या जेवणघरात कुणीतरी म्हणालं, दोराला वेळ नव्हता, कोटाला होता.

नको लिहूस म्हटलं होतं ना, ताई. एवढं एक ऐकायचं होतंस.

तुझा,
ठोंब्या


३० मार्च

ठोंब्या,

माझी चूक. माझ्याच हाताने तुझ्यावर बोल आणला. जुन्याच मापाने कोट शिवून झाला, फिती बसल्या, मग मला राहवेना. सहा महिने तो कोट दुकानात टांगलेला बघत बसणं माझ्याच्याने झालं नसतं. लेबल लिहिताना हात थबकला होता, तरी लिहिलं. आता पुन्हा लिहिणार नाही.

त्या सारंगाला मात्र सोडू नकोस. बावीस वर्षं समुद्रावर काढली आणि माणसं कुठे उभी करायची ते कळत नाही? वर पुटपुटायला पुढे. मी त्याला कामाचा माणूस म्हटलं होतं, माझे शब्द मागे घेते. तुझं नाव यादीत असताना त्याच्या हलगर्जीचा डाग तुझ्या बाहीवर यायला नको. चौकशीत ठणकावून सांग.

लोक कोटाबद्दल बोलले ते समजलं, पण 'दोराला वेळ नव्हता' हे काही मला समजलं नाही. रागात माणसं काहीही बोलतात, सोडून दे.

दाढी कसा आहे? मुलींकडे कोण बघतं? त्याचं माप पाठव. पँटचा एक पाय वरून शिवून घ्यावा लागतो, नीट नाही शिवला तर शिवण रुतते आणि जखम होते. मी तसं काम आधी केलेलं आहे. तू जेवतोस का वेळेवर?

ताई


५ एप्रिल

ताई,

बातमी चांगली आहे. शांतपणे वाच.

काल मोठ्या साहेबांनी बोलावलं. दारातच म्हणाले, या कॅप्टन. आजवर त्यांनी मला कधी त्या नावाने हाक मारली नव्हती. मुख्यालयातली एक मोठी खुर्ची अचानक रिकामी झाली आहे, तिथला कॅप्टन आजारी पडून घरी गेला. त्यांना तिथे मी हवाय, अकराव्या नंबरची वाट बघायला वेळ नाही. अशा वेळी आमच्यात एक सोय असते. हुकूम निघायच्या आधीच फिती लावायची परवानगी देतात. पगार जुना, मान नवा. बावीस एप्रिल ठरलीय. त्या दिवशी घरचं माणूस येऊन खांद्यावरच्या पट्ट्या लावतं. इतरांच्या बायका येतात, आया येतात. माझं माणूस तू. तिकीट पाठवतो.

फक्त त्याआधी सोळाला चौकशी उरकायची आहे. साहेब म्हणाले, तुमच्या जहाजाची वही मी पाहिली, दोराबद्दल त्यात काही नाही, म्हणजे विषय मिटला. खरंच काही नाही. दुय्यम म्हणतो, ते पान भिजलं होतं म्हणून त्याने नवं लिहून काढलं. मी जास्त खोदलं नाही. सारंग म्हणतो, मी लिहिलं होतं. पण त्याच्या म्हणण्याला कागद नाही. त्याचं पद काढून घेतील, बहुतेक घरी पाठवतील. निवृत्तीला त्याला चौदाच महिने उरले आहेत, तसाही तो घरी जायला टेकलाय.

आता एक काम कर. तीन मार्चचं माझं पत्र तुझ्या पत्रांच्या डब्यात असेल. ते फाडून टाक. तिकडे कुणी येऊन विचारणार नाही, पण तुझ्या दुकानात दिवसभर अधिकाऱ्यांची ये-जा असते, आणि तुझ्या तोंडाचं मला माहीत आहे. का, कशाला, ते विचारू नकोस. फाडलंस की दोन ओळी कळव.

दाढीला मी अजून भेटलो नाही. चौकशी होईपर्यंत भेटू नये असं म्हणतात.

तुझा,
ठोंब्या


१० एप्रिल

पत्र काढलं. दुकानाचं दार ओढून घेतलं आणि दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मला त्यात फक्त 'अकरावं नाव' दिसलं होतं. बाकीचं मी वाचलं होतं की नुसती नजर फिरवली होती, देव जाणे. रोज दारात येऊन उभा. वहीतही लिहून ठेवलंय. ताजा रंग गेला. हे तुझ्याच अक्षरात आहे, आणि त्यावर तू विनोद केला आहेस.

मी त्या माणसाला शिव्या घातल्या. घरात बसून, त्याला न बघता. तू मला घालू दिल्यास.

माझं ऐकून घे, मग हवं ते कर. तू अकादमीत दुसऱ्या वर्षाला होतास. मी तेव्हा मोठ्या दुकानात नोकरीला होते. एका ॲडमिरलचा कोट माझ्या हातून उलटा कापला गेला, कापड वाया. मालक आला, विचारलं, आखणी कुणाची? माझ्या शेजारी काजं करणारी बाई बसायची, कधीकधी ती आखून द्यायची, पण त्या दिवशी नाही. मी खोटं बोलले नाही. मी नुसती गप्प बसले. मालकाने तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती डबा उचलून गेली. माझी नोकरी राहिली, म्हणून तू अकादमीत राहिलास. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. शोधायला गेले नाही. एकवीस वर्षं झाली. मी दिवसाला चाळीस काजं करते आणि एकही दिवस ती बाई आठवल्याशिवाय गेलेला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सवय होईल असं वाटलं होतं. होत नाही.

मी पत्र फाडणार नाही. कुणाला दाखवणारही नाही, मी तुझी बहीण आहे, पोलीस नाही. ते डब्यात राहील.

मला ती चौथी फीत नकोय असं समजू नकोस. खोटं कशाला सांगू, मला ती तुझ्याहून जास्त हवी आहे. रात्रंदिवस हवी होती. पण तो सारंग गप्प घरी जाणार आणि तू खुर्चीत बसणार असशील, तर बावीसला मी येणार नाही. त्या पट्ट्या माझ्या हातून लागणार नाहीत. तिकीट परत पाठवलंय, सोबत आहे.

ताई


१३ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं, तिकीटही मिळालं.

तू कापडाच्या टेबलाशी बसून न्याय करतेस, ते सोपं आहे. कापड वाया गेलं तर दुसरं येतं. मी तोंड उघडलं तर नुसती फीत जात नाही, जहाज जातं, वीस वर्षं जातात. दुय्यमाने ते पान माझ्यासाठी बदललं, मग तोही अडकतो. आणि दाढीचा पाय त्याने परत येत नाही. एवढं सगळं कशासाठी, तर तुझी काजवाली बाई एकवीस वर्षांनी तुला माफ करेल म्हणून. तुझं पाप माझ्या हातून फेडून घेऊ नकोस.

तू आली नाहीस तर दुय्यमाची बायको पट्ट्या लावेल. तिला शिवण येत नाही, पण ती प्रश्नही विचारत नाही.

कमांडर (निवड)


१८ एप्रिल

ताई,

मागच्या पत्राखाली जी सही केली तिची लाज वाटते. ते पत्र ठेवायचं तर ठेव, तेही डब्यात ठेव.

परवा चौकशी झाली. सांगतो कशी झाली ती.

सकाळी दारात मोठे साहेब भेटले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे, कॅप्टन. आत मंडळाचे तिघं बसले होते. आत पद कागदावरचंच. प्रमुखांनी वाचलं, कमांडर, कंसात निवड. मी म्हटलं, हजर.

आधी सारंगाला उभं केलं. मी तयारीत होतो, ताई. तो म्हणणार, मी लिहिलं होतं, कॅप्टनने ऐकलं नाही. मग मला विचारणार आणि मी म्हणणार, वहीत काही नाही. वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. पण तो ते म्हणालाच नाही. प्रमुखांनी विचारलं, दोर खराब आहेत हे तुम्ही कुणाला कळवलं होतं का? तो म्हणाला, तपासणीची गडबड होती, कॅप्टन कामात होते, मी आणखी दोनदा सांगायला हवं होतं. एवढंच. दुय्यमाने त्याला गाठून समजावलं होतं का, की त्याचा तो स्वभाव, मला माहीत नाही. प्रमुख म्हणाले, कमांडर म्हणा, इथे जहाज नाही. तर तो म्हणाला, साहेब, मला त्यांना कॅप्टनच म्हणायची सवय आहे. जहाज त्यांचं, दोरही त्यांचेच.

तो टोमणा होता की साधं बोलणं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.  वर्षभर ती हाक मी ऐकली. मोठ्या साहेबांच्या तोंडून ऐकली तेव्हा छाती फुगली होती. ती हाक ज्या कामासाठी मारतात ते काम मी रंगासाठी महिनाभर पुढे ढकललं होतं.

माझी पाळी आली. मी उठलो आणि सांगितलं. त्याने मला रोज सांगितलं होतं. वहीत लिहिलं होतं. ते पान आता तिथे नाही, ते माझ्या फायद्यासाठी बदललं गेलं आणि मी विचारलं नाही. दोर बदलू नका हे मी सांगितलं, कारण तपासणीआधी डेक खराब व्हायला नको होता. लिहून घेणाऱ्याचं पेन थांबलं. प्रमुख म्हणाले, आपण चहासाठी दहा मिनिटं थांबू, परत आल्यावर तुम्ही हे वाक्य पुन्हा सांगायचं की नाही ते ठरवा. चहा आला, मी प्यायलो नाही.  दहा मिनिटांनी पुन्हा तेच सांगितलं.

पुढचं झटपट झालं. दुपारी यादीतून नाव गेलं. दोन वाजता जहाज दुसऱ्याच्या ताब्यात दिलं. सारंगावर काही आलं नाही. दुय्यमाची वेगळी चौकशी लागली आहे, तो माझ्याशी बोलत नाही. त्याची बायको तर नाहीच.

जहाजावरून उतरताना शिडीपाशी सारंग ड्यूटीवर होता. वर्षभर मी उतरलो की तो शिट्टी वाजवायचा, तो कॅप्टनचा मान असतो. परवा वाजवली नाही, आणि वाजवायची नव्हतीच, जहाज आता माझं नाही. मी थांबलो.  तो म्हणाला, जपून उतरा साहेब, पायरी ओली आहे.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटत नाही. सध्या तळाच्या एका खोलीत आहे, लोखंडी खाट, एक खुर्ची. पुढचा हुकूम येईपर्यंत मला काम नाही. तू लिहिशील का?

ठोंब्या


२६ एप्रिल

ठोंब्या,

पत्र येऊन चार दिवस झाले. आधी लिहायला बसले तेव्हा नुसतं रडायला आलं. तू खरं बोललास म्हणून रडले असं तुला वाटेल, तसं नाही. फितीसाठी रडले. बावीस तारखेला दिवसभर यंत्रावर बसले आणि एक शिवण सरळ आली नाही. हे तुला कळायला हवं, नाहीतर तू मला उगाच देवी करून ठेवशील.

तुझ्यावर राग आहेच. ते तेराचं पत्र मी विसरणार नाही. पण त्यातलं एक वाक्य खरं होतं, मी माझं ओझं तुझ्या पाठीवर टाकलं. काल मी जुन्या दुकानात गेले. मालक वारला, त्याचा मुलगा बसतो. त्या बाईचं नाव विचारलं तर त्याला ठाऊक नव्हतं. मलाही तिचं आडनाव माहीत नाही, तीन वर्षं शेजारी बसत होतो तरी. एका म्हाताऱ्या कारागिराने एक पत्ता सांगितला. खरा निघेल की नाही कोण जाणे. रविवारी जाणार आहे.

दुकानात लोक विचारतात, भाऊ कॅप्टन झाला का? पहिल्या दिवशी मी म्हटलं, अजून वेळ आहे. मग गिऱ्हाइकाची पाठ वळली आणि मला माझीच किळस आली. आता सांगते, नाही झाला. कुजका दोर त्याने बदलला नाही, एका माणसाचा पाय गेला, म्हणून झाला नाही. घड्याळवाल्याला सांगताना आवाज फाटला. आज सकाळी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा नीट आला.

तू पत्रात सगळं लिहिलंस. प्रमुख काय म्हणाले, सारंग काय म्हणाला, तू चहा कसा नाही प्यायलास. दाढीबद्दल एक ओळ नाही. चौकशी होईपर्यंत भेटायचं नाही म्हणाला होतास. चौकशी झाली. तुला काम नाही, सुट्टी आहे, इस्पितळ तळावरच आहे.

जाताना वर्दी घालून जा, साध्या कपड्यात लपून जाऊ नकोस. तीन फिती आहेत त्या तीनच घाल. त्याने तुला काही म्हटलं तर ऐक. त्याने हाकलून दिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. त्याच्या मुली तिथे असतील तर त्यांच्यासमोर सांग, त्यांच्या बापाच्या पायाला कोण जबाबदार आहे ते. मंडळासमोर बोललास, ते तुला ओळखतही नव्हते. दाढी ओळखतो.

घरी यायचंय हे तू लिहिलं नाहीस, पण मला कळलं. माझीही तीच इच्छा आहे. ये. पण आधी त्याच्याकडे जा, त्याआधी माझ्याकडे येऊ नकोस.

ताई